लॅपटॉपचा टंच

आमच्या घरात सकाळ व्हायची ती भात्याच्या आवाजानं. भाता म्हणायचं ते आपलं सवयीनं. आजोबांच्या वेळचा चामड्याचा भाता केव्हाच गेला होता आणि त्याच्या जागी विजेचा ब्लोअर आला होता. पण खाली तो घरघरायला लागला की वर स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "भाता लागला, उठा आता." बेंगळुरूच्या नगरथपेटेतल्या एका अरुंद बोळात खाली माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, गलाईचं दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, त्यातलं हिणकस काढून, खरं किती उरलं ते सांगण्याचं काम. विट्याकडच्या आमच्या माणसांनी हा धंदा देशभर नेला. कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात आमच्यापैकी कुणीतरी सोनं वितळवायच्या मुशीसमोर बसलेला सापडेल. बेंगळुरूत आमचे आजोबा येऊन बसले. त्यामुळे आमची भाषाही मुशीतून काढल्यासारखी मिसळलेली झाली. आई सकाळी उप्पिट्टू करायची आणि रात्री बाजरीची भाकरी, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि शेजारच्या अक्कांकडून शिकलेलं आमटीसारखं सारू. "स्वल्प थांब" हे मराठी नाही हे मला शाळेतल्या मराठी मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी तिच्याशी भांडले होते. सोनं तपासायच्या तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास आमच्या कपड्यांना, उशांना आणि बहुधा भाकरीलाही यायचा. आम्हाला तो कळत नसे, पाहुण्यांना कळे.

अप्पा बुटके, शांत आणि कमालीचे हट्टी. त्यांच्या दुकानाचा एक रिवाज होता, तो आजोबांपासून चालत आलेला. टंच काढला, म्हणजे दागिन्यात शुद्ध सोनं किती ते कळलं, की तो आकडा आधी मोठ्यानं सांगायचा. भाव मग. विकायला आलेल्या माणसाला ऐकू जाईल, शेजारच्या दुकानातही ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं. एखादी बाई घाबरत घाबरत सासूची पाटली घेऊन यायची, हे हलकं सोनं आहे असं तिला आयुष्यभर घरच्यांनी सांगितलेलं असायचं, आणि अप्पा पाटली तपासून बोळभर ऐकू जाईल असा तिचा उत्तम टंच सांगायचे. बाई चकित व्हायची, मग दागिना परत रुमालात बांधून निघूनही जायची, कारण चांगलं सोनं कोण विकतो? अशी किती गिऱ्हाइकं गेली याचं अप्पांना काही वाटत नसे. आईला वाटे. ती वरून जिन्यातून डोकावून म्हणायची, "जरा हळू सांगितलं तर जीभ झडती का?"

मी बारावी, म्हणजे आमच्याकडची पीयूसी, झाले त्या सुट्टीची ही हकिकत. मला गेमच्या दुनियेत काम करायचं होतं. खेळायचं नव्हतं, म्हणजे खेळायचंही होतं, पण मुख्य म्हणजे खेळणारा ज्या गल्लीतून धावतो ती गल्ली मला बनवायची होती. भिंतीचा ओलावा, पायरीची झीज, लोंबणाऱ्या तारा, हे सगळं संगणकावर उभं करणाऱ्या लोकांना पगार मिळतो हे कळल्यापासून मला झोप लागत नव्हती. घरी मात्र याचा सारांश "पोरगी खेळायला चाललीय" एवढाच झाला होता. आई तो शेजारच्या अक्कांना कन्नडमध्ये सांगायची आणि दोघी मान हलवायच्या. ज्या संस्थेत मला जायचं होतं तिची अट होती की, अर्जासोबत स्वतः उभा केलेला एक छोटा देखावा पाठवायचा, ज्यात माणूस फिरून येऊ शकेल. मुदत महिनाअखेरपर्यंत. मी आमचाच बोळ बनवायला घेतला. घरचा संगणक एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आलेला. बोळातली चौथी पायरी चढवली की तो गपगार व्हायचा, आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर. जवळच्या कॉलेजात बी.कॉम.ची जागा अप्पांनी धरूनच ठेवली होती. देखावा पूर्ण झाला नाही तर मी त्या वर्गात जाऊन बसणार, आणि पुढं तिथंच बसून राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. गेम चालवायला केलेला दणकट लॅपटॉप मिळाला तरच काही आशा होती.

अप्पांनी एका रात्री जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून निकाल दिला. "नवीन घ्यायचं न्हाई. नव्या वस्तूत घडणावळ भरायला लागती, आन ती परत मिळत न्हाई. जुनं बघ. पैसं माझं, पारख तुझी. चांगलं निघालं तर तुझं तू शिक. खोटं निघालं तर बी.कॉम."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी संगती येतो. बोलणार न्हाई."

बोलणार नाही म्हणाले, आणि मी विश्वास ठेवला. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहूनही मी तो ठेवला, याचं आज मला हसू येतं.

पहिला लॅपटॉप बघायला आम्ही एचएसआर लेआउटला गेलो. कुठल्याशा स्टार्टअपमधला मुलगा, उंच इमारतीतला फ्लॅट, आत जाताना बूट काढायचे की नाही हे कळू नये इतकी चकचकीत फरशी. लॅपटॉप उघडला तर कीबोर्डमधून लाल, निळे, हिरवे दिवे पळायला लागले. मुलगा हिंदीत म्हणाला, "अंकल, एकदम मिंट कंडिशन. सिर्फ ऑफिस का काम किया है." अप्पा दिवे बराच वेळ बघत राहिले. मग मला मराठीत म्हणाले, "हे खडे हायत. खडे वजनात धरत न्हाईत. बंद कर आधी." दिवे बंद केल्यावर तो लॅपटॉप गणपतीनंतरच्या मांडवासारखा दिसायला लागला. मी माझ्या परीनं तपासायला घेतला. पडदा पूर्ण पांढरा करून मेलेले ठिपके शोधले, झाकण पुढं-मागं करून बिजागरी पाहिली, मग कीबोर्ड उजेडाकडे तिरका धरला. डब्ल्यू, ए, एस आणि डी ही चार बटणं घासून गुळगुळीत झाली होती. गेममध्ये पळायला हीच चार लागतात. ऑफिसच्या कामात सारखं डब्ल्यू दाबून कुणी पुढं पळत नाही. मी अप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच धंद्यातल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. आम्ही "सरी", म्हणजे बरं, म्हणून निघालो. खाली आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला. मला आपण जग जिंकल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचे सगळे लॅपटॉप एकतर अप्पांच्या ऐपतीबाहेरचे नाहीतर माझ्या कामाच्या खालचे निघाले. महिना संपत आला. मग के. आर. पुरमचा एक सापडला, चाळीस हजारांना. चिक्कपेटेला मेट्रो धरली, मॅजेस्टिकला बदलली आणि आम्ही भर दुपारी तिथं पोचलो. दार उघडलं ते चिन्मयनं. आमची नावं ऐकून तो आनंदानं मराठीत सुरू झाला, "अरे वा, मराठी का तुम्ही? या ना काका, प्लीज बसा. सॉरी हां, घर पूर्ण मेस आहे, शिफ्टिंग चाललंय." पुण्याचा मुलगा, दोन वर्षं बेंगळुरूत. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत, रोज जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला आलेला, म्हणून आता तिकडेच खोली घेतलेली. कंपनीत तो माणसं नेमण्याच्या खात्यात होता. दिवसभर मुलाखती घ्यायच्या आणि समोरचा खरं किती बोलतोय ते ताडायचं, हे त्याचं काम. लॅपटॉप त्याला जुन्या रूममेटकडून मिळाला होता. रूममेट परदेशी गेला, जाताना याच्या गळ्यात मारून गेला. "मी यावर फक्त क्रिकेट खेळतो, काका. तेही हरतो," तो म्हणाला. मला तो आवडला. अप्पांनाही आवडला असावा, कारण त्यांनी पाणी मागून घेतलं. अनोळखी घरी ते पाणी मागत नसत.

एक मोठीच पंचाईत झाली होती ती मात्र माझ्या तेव्हाच लक्षात आली. बेंगळुरूच्या बाजारात मराठी ही आमची गुप्त भाषा. दुकानदारासमोर उभं राहून आई खुशाल मराठीत म्हणायची, "हा लुबाडतोय, चल पुढं." इथं विकणाराच मराठी निघाला, म्हणजे आमचं शस्त्रच काढून घेतलं. तेव्हा काही बोलायचं झालं तर कन्नडमध्ये, असं मी मनाशी ठरवलं आणि तपासायला बसले. पडदा स्वच्छ. बिजागरी घट्ट. डब्ल्यू अगदी कोरा, बिचारा क्रिकेटच खेळत होता. बॅटरी थकलेली होती, पण ती बदलता येते. मग मी मशीनला सगळं बळ लावायला लावणारी चाचणी सुरू केली. पंखे अप्पांच्या ब्लोअरसारखे घरघरू लागले, आणि मी आत कुठलं ग्राफिक्स कार्ड आहे ते उघडून बघितलं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे या यंत्रातला जीव, चित्र तेच उभं करतं. चिन्मयनं जाहिरातीत बाहेरच्या स्टिकरवरचं नाव दिलं होतं. त्या नावाचे लॅपटॉप दोन प्रकारचे येत, लहान कार्डाचे आणि मोठ्या कार्डाचे. चाळीस हजार ही लहान कार्डाची किंमत होती. आत मोठं होतं. हा लॅपटॉप पन्नासाचा होता आणि ज्याचा होता त्याला पत्ता नव्हता.

मी अप्पांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "अप्पा, इदु दोड्डदु. ऐवत्तु. अवनिगे गोत्तिल्ला." हे मोठं आहे, पन्नासाचं आहे, त्याला माहीत नाही. माझ्या मनात होतं की आता अप्पा गंभीर चेहरा करून चाळीसाचे अडतीस करतील, आपण दुकान गाठू आणि रात्री माझी चौथी पायरी चढेल.

अप्पांनी घसा साफ केला. तो आवाज मी ओळखत होते. टंच सांगण्याआधी ते असाच घसा साफ करायचे. मी त्यांची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

"तुमच्या लॅपटॉपात मोठं कार्ड हाय," अप्पा त्या रिकाम्या खोलीत घुमेल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "तुम्ही लहान समजून चाळीस सांगितलं. पण माल पन्नासाचा हाय. मी पन्नास देतो."

चिन्मय हातातली पाण्याची बाटली घेऊन तसाच उभा राहिला. तो आनंदेल असं मला क्षणभर वाटलं. पण त्याचा चेहरा हळूहळू मिटत गेला. मुलाखत घेताना तो असाच दिसत असणार.

"काका, सॉरी, पण एक विचारू? तुम्ही मला जास्त पैसे का देताय?"

"कारण माल तेवढ्याचा हाय."

"हो, पण तुम्ही बायर आहात ना. बायर असं कधी करत नाही. आमच्याकडे एखादा कॅंडिडेट स्वतःहून कमी पगार मागतो ना, तेव्हा मी सगळ्यात आधी बॅकग्राउंड चेक करतो." तो माझ्याकडे वळला. "आणि ही मघाशी 'गोत्तिल्ला' म्हणाली. मला कन्नडमधलं तेवढंच येतं, कारण मी स्वतःच दिवसभर तेच बोलत असतो. कोणाला काय माहीत नाहीये?"

खरं तर अप्पांनी सांगून टाकलं होतं, आणि त्याहून जास्त खरं आमच्याकडे शिल्लक नव्हतं. पण जो माणूस दहा हजारांची गोष्ट आपण होऊन सांगतोय, तो पोटात किती मोठी ठेवून बसला असेल, हा हिशेब चिन्मयच्या डोळ्यांत मला दिसत होता. त्याचा रूममेट इंटरनेटवरच्या कसल्याशा नाण्यांचे व्यवहार करायचा, हेही त्याला नेमकं तेव्हाच आठवलं. ती नाणी यात राहिली असतील तर? अप्पा समजावत होते, "आमच्या दुकानात अशीच पद्धत हाय. आधी टंच सांगायचा." कसलं दुकान, कसला टंच, त्याला काही विचारायचंसुद्धा नव्हतं. त्यानं झाकण मिटलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि फार सभ्यपणे म्हणाला की त्याला थोडा विचार करावा लागेल.

घरी आल्यावर मी अप्पांशी भांडले, आणि रडलेही, पण दुःखानं नाही तर रागानं. "तुमचा रिवाज तुम्ही पाळला आणि किंमत मी भरली," मी म्हणाले. "ते दुकान नव्हतं, अप्पा. तिथं कुणी तुमच्याकडे टंच काढायला आलं नव्हतं." अप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "मला तसं जमत न्हाई, वैशू." ते त्यांनी माफी मागितल्यासारखं म्हटलं नाही, आणि बढाईनंही नाही.

आई सारूला फोडणी देत होती. ती तिथूनच म्हणाली, "हे मला बघायला आले तवा माझ्या बापाला काय म्हणाले ठावं हाय? धंद्यात फार काय मिळत न्हाई, याच्यापेक्षा चांगलं स्थळ आलं तर बघा. माझ्या बापाला वाटलं, एवढं खरं सांगतोय म्हणजे पोरगा गडगंज असणार, लपवून ठेवलंय. लगेच होकार दिला." तिनं कढईवर झाकण ठेवलं. "तवापासनं मी शोधतीया."

एरवी आम्ही तिघंही हसलो असतो. त्या दिवशी फक्त अप्पा थोडे हसले.

पुढचे दोन दिवस मी जुन्या संगणकावर पायऱ्या चढत-उतरत काढले. चिन्मयचा फोन नाही, माझ्या निरोपाला उत्तर नाही. बी.कॉम.च्या वर्गातली पोरगी मला आता आरशातही दिसायला लागली होती. तशात दुसऱ्या दुपारी मी जिन्यावर बसून डोसा खात होते. सकाळचा गार झालेला, चटणी लावून गुंडाळलेला. खाली दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, ब्लोअर बंद होता. अप्पांनी हातमोजे काढले, घाम पुसला आणि फोन समोरच्या फळीवर उभा ठेवला. बोलताना आवाज बाहेर सोडायची त्यांना सवय, कारण एरवी हात कामात असत.

"मी परवाचा काका बोलतोय," ते म्हणाले. "लॅपटॉपवाला."

"हां काका, बोला ना." चिन्मयचा आवाज थकलेला होता. "खरं सांगू का? मी त्याचा एक एक फोल्डर उघडून पाहिला. काहीच नाहीये त्यात. रूममेटलाही मेसेज केला, तो म्हणतो वेडा आहेस का. तुम्हीच सांगा ना प्लीज, काय आहे त्यात?"

समोर थंड पडलेली मूस होती, तिच्याकडे अप्पांनी बघितलं. त्या मुलाला जास्त किंमत नको होती. त्याला कारण हवं होतं, पटेल असं. हे मला जिन्यावर बसून कळलं, आणि अप्पांना माझ्या कितीतरी आधी कळलं असणार, कारण ते घसा साफ न करताच बोलायला लागले.

"काय न्हाई हो त्यात. त्या दिवशी खरं कारण सांगायला लाज वाटली," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना, इतका मऊ आणि ओशाळा. "मला यातलं काय कळत न्हाई. कार्डबिर्ड पोरीकडनं ऐकून मी आपलं बोललो. आमच्या गुरुजींनी सांगितलंय. पोरीचा शनी वाईट हाय. तिच्यासाठी यंत्र घ्यायचं तर मालकानं मागितल्यापेक्षा दहा हजार जास्त द्यायचं. न्हाईतर यंत्र लाभत न्हाई."

आमच्याकडे गुरुजी नव्हते. माझी पत्रिका कधी कुणी मांडली नव्हती. बोळातल्या प्रत्येक दुकानाच्या दारावर शनिवारी लिंबू-मिरची लागायची, फक्त अप्पांच्या लागत नसे, आणि त्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना किती ऐकवलं होतं. गुळगुळीत दगडावर सोन्याची रेघ ओढून ती तेजाबानं तपासल्याशिवाय ज्यांनी स्वतःच्या सासऱ्याच्या अंगठीवरही विश्वास ठेवला नाही, ते अप्पा एका परक्या मुलाला माझा शनी समजावून सांगत होते.

पलीकडे चिन्मय हसायला लागला. मनापासून, सुटल्यासारखा हसला. "अहो काका, मग हे आधी नाही का सांगायचं? मी दोन रात्री झोपलो नाहीये. माझी आजी पण सेम आहे, बाइक घेताना तिनं मला चाकाखाली लिंबं ठेवायला लावली होती. पण दहा हजार जास्त म्हणजे टू मच होतं हो. मी चाळीसच घेतो."

"नको, नको. पन्नासच घ्या," अप्पा घाईनं म्हणाले. "न्हाईतर पोरीला त्रास व्हायचा."

"ओके, ओके. तुमची श्रद्धा आहे तर मी काय बोलणार. या रविवारी."

फोन बंद झाल्यावर अप्पांनी हातमोजे पुन्हा चढवले आणि ब्लोअर लावला, मुशीत काहीच नसताना. मी तिथं आहे हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तेवढंच वाईटही वाटलं. पुढं मी आयुष्यभर खोट्या भिंतींवर ओलावा बसवला, त्यासाठी पैसे आणि शाबासकी दोन्ही मिळाली. पण खोटं इतकं नेमकं, इतक्या कमी सामानात उभं केलेलं मी नंतर कुणाच्याही कामात पाहिलं नाही. खऱ्याचे पूर्ण पैसे मोजता यावेत म्हणून त्यांनी ते उभं केलं होतं.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा चिन्मयच्या खोलीत खोकी बांधून तयार होती. त्यानं लॅपटॉप पुसून ठेवला होता, वर एक माउस आणि खाली ठेवायचा पंखाही फुकट दिला. मी अप्पांच्या फोनवरून पैसे पाठवले, पूर्ण पन्नास. मग त्यानं अप्पांना शेजारी बसवून घेतलं आणि आजोळच्या माणसाला समजवावं तसं, सावकाश आणि जरा मोठ्या आवाजात समजवायला सुरुवात केली. चार्जर असा लावायचा, पाणी जवळ ठेवायचं नाही, उशीवर ठेवायचा नाही. "आणि पूजा करणार असाल तर करा, पण या भोकांमधून हळदीकुंकू आत जाऊ देऊ नका हां, काका." अप्पा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या हातावर हात ठेवला. त्यांच्या बोटांची टोकं तेजाबानं पिवळी पडलेली होती. चिन्मयचं तिकडे लक्ष नव्हतं. तो लॅपटॉप उलटा करून खालच्या फटी दाखवत होता.

"हे सगळं फार नाजूक असतं, काका," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नसेल, पण आत खरं सोनं वापरलेलं असतं."

"असं होय?" अप्पा म्हणाले. ते पुढं वाकले आणि त्या फटीतून आत बघितलं. "किती असतं?"

"अगदी थोडं. ते काढायला पण परवडत नाही."

"मग राहू द्या आत," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप उचलून माझ्या हातात दिला.